घळ आधी मोजा, मग दगड आणा

शेतात घळ पडली की पहिला विचार येतो तो ती बुजवायचा. जेसीबी बोलवायचा, दोन्ही काठ आत लोटायचे, वरून ट्रॅक्टर फिरवायचा. पुढच्या पावसाळ्यात ती बरोबर त्याच जागी उघडते, कारण पाणी ज्या वाटेनं येत होतं ती वाट कुणी बदललेली नसते आणि भरलेली माती मूळ मातीपेक्षा भुसभुशीत असते. दुसरा विचार येतो तो दगडांचा. कुठल्या तरी योजनेतून किंवा पदरचे पैसे घालून घळीत दगडी बांध घातले जातात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी बांधाच्या कडेनं नवी वाट काढतं, आणि एका घळीच्या दोन होतात.

मी संगमनेरला भूगोल शिकवते. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरच्या जमिनी प्रवरेच्या काठाला आहेत, त्यामुळे घळ आमच्या वर्गात पुस्तकातून येत नाही, गट नंबरासकट येते. त्या मुलांना जे शिकवते तेच इथं लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे: एक दगडही हलवायच्या आधी एक पावसाळा घळ मोजा. ती डोक्याकडून वाढते आहे, काठांकडून की तळाकडून, हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. मोजायला महागडं काही लागत नाही.

आमचा भाग या कामासाठी मुद्दाम पाहावा असा आहे. रतनगडाकडून निघून भंडारदऱ्याच्या धरणातून खाली येणारी प्रवरा अकोले गावावरून संगमनेरला येते, तिथं म्हाळुंगी तिला मिळते, आणि पुढं प्रवरासंगमला ती गोदावरीत जाते. या वाटेवर दोन्ही काठांना नदीनंच हजारो वर्षांत आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत. पिवळट पोयटा, मध्येच वाळू-गोट्यांचा पट्टा, ठिकठिकाणी चुनखडीचे खडे. नंतर नदीनं याच गाळात आपलं पात्र खोल कापलं. पात्र खाली गेलं, तसे तिला मिळणारे ओहोळही कापत खाली गेले, आणि काठाचा मोठा भाग घळींनी विंचरून काढल्यासारखा झाला. खाली नेवाशाजवळ याच नदीच्या काठांतल्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली. म्हणजे घळीच्या उभ्या धशीत, कापलेल्या काठात, आपण जे पाहतो ते फार जुनं आहे, आणि एकदा वाहून गेलं की आपल्या हयातीत परत येणार नाही. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातल्या वीणा जोशी यांनी प्रवरेकाठच्या या उतारांवर जमिनीत सळया रोवून आणि प्रोफाइल मीटर लावून मातीची झीज मोजली आहे. प्रोफाइल मीटर म्हणजे आडव्या पट्टीत ठरावीक अंतरानं सरकत्या काड्या बसवलेली चौकट. काड्या जमिनीला टेकल्या की जमिनीचा चढउतार पट्टीवर उमटतो. पुढं सांगते आहे ते याच पद्धतींचं शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला घरच्या घरी जमेल असं रूप आहे.

आधी ओळख पटवा

उतारावरची बारीक ओघळी नांगराच्या एका पाळीत मोडते. ती घळ नव्हे. काही ओघळी नांगरून मोडतात, पण दर पावसाळ्यात त्याच रेषेत परत उठतात. या रेषा सगळ्यात महत्त्वाच्या, कारण उद्याची घळ तिथं पडणार असते आणि आज ती थांबवायला जवळपास काही खर्च येत नाही. नांगर जिथं आडवा घालता येत नाही, बैल किंवा ट्रॅक्टर वळवून घ्यावा लागतो, तिथं घळ सुरू झाली असं समजा. अभ्यासक यासाठी एक माप वापरतात: आडव्या कापाचं क्षेत्र ९२९ चौरस सेंटीमीटरच्या, म्हणजे एक चौरस फुटाच्या वर गेलं की ती घळ. फूटभर रुंद आणि फूटभर खोल, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हा फरक कागदावरही महत्त्वाचा आहे. मातीच्या धुपीचे आकडे अनेक अहवालांत एका समीकरणातून काढलेले असतात. विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते १९६५ साली मांडलं आणि १९७८ मध्ये सुधारलं. पाऊस, माती, उताराची लांबी आणि तीव्रता, पीक आणि बांधबंदिस्ती यांचा त्यात गुणाकार असतो. पण ते समीकरण पृष्ठभागावरची आणि ओघळींची धूप सांगतं. घळीतून गेलेली माती त्यात धरलेलीच नसते. तुमच्या गावाच्या अहवालात हेक्टरी इतके टन असा आकडा असेल आणि गावात घळी असतील, तर घळींचा हिशेब वेगळा केला आहे का, हे विचारा.

घळीत उतरण्याआधी वर जा

पहिल्या दिवशी टेप घेऊ नका. घळीच्या डोक्यापासून, म्हणजे जिथं सपाट जमीन अचानक तुटते त्या कड्यापासून, पाणी येतं त्या दिशेनं वर चालत जा, पार पाणलोटाच्या कडेपर्यंत. वाटेत पाणी कुठं गोळा होतं ते बघा. बहुतेक वेळा उत्तर समोर असतं: रस्त्याखालची मोरी, वरच्या शेताचा फुटलेला बांध, दोन शेतांमधली खोलगट झालेली गाडीवाट, गुरांची पायवाट, नाहीतर कुणीतरी उताराच्या दिशेनं मारलेल्या सऱ्या. आधी चार-पाच ठिकाणी पसरून वाहणारं पाणी एका जागी आणून सोडलं की जमीन फाटते. रस्ता नवा झाला आणि दोन-तीन पावसाळ्यांत मोरीच्या खालच्या शेतात घळ पडली, हे मी वारंवार पाहिलं आहे. मोरी बांधणारा रस्त्याचं पाणी काढून देतो. ते पुढं कुणाच्या शेतात किती जोरानं पडेल हे त्याच्या नकाशात नसतं.

मग खाली जा, घळ जिथं ओढ्याला किंवा नदीला मिळते तिथपर्यंत. तिथं ओढ्याचा तळ आणि घळीचा तळ जुळतात का ते बघा. घळीच्या तळात उभी पायरी दिसली, पाणी त्या पायरीवरून पडतं आणि खाली डबकं झालं आहे असं दिसलं, तर ती पायरी वर सरकत निघालेली आहे. वाळू उपसून नदीचं पात्र खोल गेलं किंवा ओढ्याचं यंत्रानं खोलीकरण झालं, की त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी अशी पायरी तयार होते. ओढा खोल करताना पाणी किती साठेल याचं गणित होतं. कडेचे ओहोळ किती माती आणतील याचंही व्हायला हवं.

वरचं क्षेत्र मोजायला मोबाइल पुरतो. गुगल अर्थवर पाणलोटाची कड बोटानं फिरवली की हेक्टर मिळतात. उतारासाठी पारदर्शक नळीत पाणी भरा, नळीची दोन टोकं सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा आणि उताराच्या दिशेनं दहा-दहा मीटरनं सरकत जा. दोन काठ्यांवरच्या पाण्याच्या पातळीचे आकडे वजा केले की दहा मीटरात किती उतार पडला ते कळतं. गवंडी हीच नळी वापरतो, गावात मिळते.

क्षेत्र आणि उतार हे दोन आकडे एकत्र का हवेत? १९७५ साली पॅटन आणि शूम यांनी कोलोरॅडोतल्या दऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं की घळ पडायला या दोघांची मिळून एक मर्यादा ओलांडावी लागते. वरचं क्षेत्र मोठं असेल तर थोड्या उतारावरही जमीन फाटते; क्षेत्र लहान असेल तर उतार जास्त लागतो. ती मर्यादा प्रत्येक मातीची वेगळी असते, त्यामुळे कोलोरॅडोचे आकडे इथं चालणार नाहीत. पण आपल्या गावातल्या पंधरा-वीस घळींच्या डोक्यांशी उतार आणि वरचं क्षेत्र मोजून आलेखावर ठिपके मांडले, आणि न फाटलेल्या जागांचे ठिपकेही मांडले, तर गावापुरती रेषा दिसू लागते. पदवीच्या मुलांसाठी यापेक्षा उपयोगाचा प्रकल्प मला माहीत नाही. त्या रेषेजवळची जी शेतं अजून धड आहेत, तिथं आधी काम करावं.

घळीचं वय विचारा

गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात. शक्यतो एकाच महिन्यातली चित्रं घ्या, नाहीतर सावली आणि पीक फसवतात. विहीर, घर किंवा जुनं झाड अशी न हलणारी खूण धरा आणि तिथून घळीच्या डोक्यापर्यंतचं अंतर प्रत्येक चित्रात मोजा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर मोठ्या घळी दाखवलेल्या असतात. त्यावरून निदान ती जुनी की नवी एवढं कळतं.

सातबाऱ्यावरही बघा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लिहिलेलं क्षेत्र बऱ्याचदा जुनी घळ असते. पोटखराबा कमी लिहिलेला आणि प्रत्यक्षात घळीनं जास्त जागा खाल्लेली असली, तर जमीन कागदावर शाबूत आणि शिवारात गायब, अशी गत होते.

आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण ‘ही घळ किती साली पडली?’ असं विचारू नका. ‘लग्न होऊन आलात तेव्हा इथून बैलगाडी जायची का, आजी?’ असं विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळात इथं काय होतं?’ असं विचारा. मुलं घळीत लपायची की उडी मारून ओलांडायची, यातून खोली आणि रुंदी दोन्ही निघतात. मी ऐकलेलं एक उत्तर असं होतं: ‘धाकट्याच्या जावळाला पाव्हणे इथूनच गाडी घेऊन आले होते. थोरल्याच्या पोरीच्या लग्नाला पार वळसा पडला.’ दोन समारंभांच्या तारखा घरात विचारल्या, की घळीनं वाट कधी तोडली ते दोन-तीन वर्षांच्या अंदाजानं सापडतं.

काठावरच्या झाडांची मुळंही साक्ष देतात. बाभळीची किंवा बोरीची मुळं हवेत लोंबत असतील, तर ती वाढली तेव्हा तिथं माती होती. झाडाचं वय घरच्यांना ठाऊक असतं, आणि उघड्या पडलेल्या मुळांच्या उंचीवरून किती माती गेली त्याचा अंदाज बांधता येतो.

खुंट, सळया आणि काप

आता टेप काढा. ३० मीटरची टेप, सुतळी, ओळंबा, बांबूचे खुंट, ६० सेंटीमीटरच्या लोखंडी सळयांचे तुकडे, लाल ऑइल पेंट आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. पहिलं माप मे महिन्याच्या शेवटी घ्यायचं, मृग निघायच्या आधी.

सुरक्षेचं आधी सांगते, कारण इथं निष्काळजीपणा चालत नाही. घळीच्या कडेला समांतर भेगा दिसल्या तर त्या भेगेच्या घळीकडच्या बाजूला पाय ठेवू नका. खाली पोकळ झालेल्या धशीखाली कधीही बसू नका, ती कोरड्या दिवशीही कोसळते. बिळांत हात घालू नका. मापाला किमान दोघं असा, आणि पाऊस चालू असताना घळीत उतरू नका.

डोक्यासाठी खुंट रोवायचे ते कड्याच्या तोंडावर नाही. तिथला खुंट पहिल्याच पावसात मातीबरोबर जातो. वरच्या बाजूला, पाणी येतं त्या रेषेच्या जरा कडेला, कड्यापासून ५ आणि १० मीटरवर दोन खुंट मारा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन्ही खुंटांपासून कड्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन खुंट यासाठी, की एक गेला तरी दुसरा राहतो. वहीत तारीख, दोन अंतरं आणि त्याआधीच्या पावसाचा आकडा, एवढंच लिहायचं.

काठांच्या उतारावर सळया लावा. सळई उताराला काटकोनात ठोका आणि १० सेंटीमीटर बाहेर ठेवा. बाहेरची लांबी वाढली तर तेवढी माती गेली, कमी झाली तर वरून येऊन साठली. एका रेषेत काठाला, मध्यावर आणि पायथ्याला अशा सळया असाव्यात, म्हणजे माती कुठून निघून कुठं थांबते ते कळतं. दोन अडचणी येतात. लोखंड भंगारात विकलं जातं, म्हणून मेंढपाळांना आणि शेजारच्या पोरांना आधीच सांगून ठेवा, त्यांनाच मोजायला बोलवा. मग तीच राखण करतात. दुसरी अडचण काळ्या मातीची. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की बसते. पावसाळ्याच्या मध्यावर सळई कमी दिसली म्हणून माती साठली असं होत नाही. काळ्या मातीत कोरडीचं माप कोरडीच्या मापाशीच ताडून बघा, म्हणजे या मेचं पुढच्या मेशी.

मग आडवे काप. दर ५ मीटरवर घळीच्या दोन्ही काठांना, कड्यापासून चांगलं मागं, खुंट मारा आणि त्यांना रंग द्या. सुतळी ताणून समपातळीत आणा; नळी आहेच. सुतळीवर दर २५ सेंटीमीटरला खूण करून तिथून ओळंबा सोडा आणि तळापर्यंतची खोली लिहा. काठाची मूळ जमीन सुतळीच्या जितकी खाली असेल तितकं प्रत्येक मापातून वजा करायचं. उरलेल्या खोल्यांची बेरीज गुणिले ०.२५, झालं कापाचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये. घळ पाच-सहा मीटरपेक्षा रुंद असेल तर सुतळी मध्ये झोळ खाते; तिथं नळी आणि खुणा केलेली उंच काठी वापरा.

समजा ३० मीटर लांबीच्या घळीत सगळ्या कापांची सरासरी १.९ चौरस मीटर आली. ५७ घनमीटर माती गेली. हा आकडा ऐकून गावात कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा ५७ घनमीटर म्हणजे २० ब्रास. २० ब्रास माती विकत आणायची तर किती ट्रॉल्या आणि किती रुपये, हे इथं प्रत्येकाला तोंडपाठ असतं. ग्रामसभेत मी नेहमी ब्रासमध्येच बोलते. अहवालासाठी टन हवे असतील तर मातीची घनता लागते. पीव्हीसी पाइपचा माप घेतलेला तुकडा घळीच्या भिंतीत ठोकून आत भरलेली माती काढा, पूर्ण वाळवून वजन करा आणि पाइपच्या घनफळानं भागा. घनमीटरला १.३ टन आलं तर ५७ घनमीटरचे साधारण ७४ टन होतात.

फोटोही काढा, पण ठरवून. एका दगडाला रंग लावून त्यावरच उभं राहायचं, एकाच उंचीवरून, एकाच दिशेला, आणि चौकटीत खुणांची काठी हवीच. ड्रोन मिळाला तर ७० ते ८० टक्के एकमेकांवर येणारे फोटो घेऊन घळीचं त्रिमितीय रूप संगणकावर उभं करता येतं. जमिनीवर रंगवलेल्या फरश्या ठेवून त्यांची जागा आधी मोजलेली असली तरच दोन वर्षांची रूपं एकमेकांवर बसवता येतात. लोंबत्या धशीखालचं पोकळ मात्र वरून दिसत नाही, ते टेपनंच मोजावं लागतं.

ग्लासातलं ढेकूळ

ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तीच सगळ्यात कमी केली जाते. घळीच्या भिंतीतून वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्या. वरची एक फुटातली, मधली, तळाजवळची, आणि जिथं भिंतीत भोक पडलेलं दिसतं तिथली. प्रत्येकीचे हरभऱ्याएवढे खडे सावलीत वाळवा. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं घेऊ नका. त्यातले क्षार मातीला धरून ठेवतात आणि निकाल चुकतो. खडा अलगद सोडा. ढवळू नका, ग्लास हलवू नका. दोन तासांनी बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

खडा तसाच राहिला तर माती घट्ट आहे. विरघळल्यासारखा होऊन तळाशी बारीक कणांचा ढीग झाला, पण पाणी स्वच्छ राहिलं, तर माती पाण्यात सुटते पण विखरत नाही. आणि खड्याभोवती दुधाळ वलय उठलं, हळूहळू सगळं पाणी गढूळ झालं आणि सकाळपर्यंत ते बसलं नाही, तर सावध व्हा. ती माती पाण्यात विखुरते. बहुधा त्यात सोडियम जास्त असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले शेतकरी या मातीला चांगले ओळखतात.

अशा मातीत घळ वरून कमी आणि आतून जास्त वाढते. भेगेतून उतरलेलं पाणी जमिनीच्या पोटात भुयार पाडतं, भुयार रुंदावतं, आणि एक दिवस त्याचं छत बसतं. शेतात अचानक खड्डा पडतो, त्यात बैलाचा पाय जातो. भुयाराचं दुसरं तोंड घळीच्या भिंतीत सापडतं. अशा जागी पाणी अडवून साठवणं धोक्याचं आहे, कारण साठलेलं पाणी बांधाखालून आणि कडेनं भुयार काढतं. तिथं आधी माती परीक्षण करून जिप्समचं प्रमाण ठरवावं, भेगा मोडाव्यात, जमिनीवर गवताचं आच्छादन आणावं, आणि पाणी तिथं थांबू न देता सावकाश पुढं जाऊ द्यावं.

पाऊस

दिवसाचा एकूण पाऊस पुरेसा नाही. ५० मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर घळ जागची हलत नाही. तेवढाच पाऊण तासात पडला तर एका संध्याकाळी मीटरभर पुढं जाऊ शकते. साधं पर्जन्यमापक लावा आणि पाऊस थांबला की लगेच मोजा, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा जोडीला ठेवा, पण वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या कोरडं ठेवतो. एक हिशेब मनात ठेवावा: एका हेक्टरवरून १० मिलिमीटर पाणी वाहून आलं तर ते एक लाख लिटर होतं. वरचं पाणलोट चार हेक्टर असेल तर चार लाख लिटर, आणि ते सगळं त्या एका मोरीतून.

वही काय सांगते

परतीचा पाऊस संपला की वही उघडा. मुख्य माप कुठं बदललं ते बघा.

डोकं पुढं सरकलं आणि बाकी काप जवळपास तसेच राहिले, तर रोग वर आहे. कड्यावरून पडणारं पाणी पायथा पोखरतं, वरचा थर टांगता राहतो आणि ढासळतो. वर चुनखडीचा कठीण थर आणि खाली मऊ पोयटा असेल तर हे फार वेगानं होतं. इथं खाली कितीही दगड रचले तरी डोकं थांबणार नाही. कड्यापासून घळीच्या खोलीच्या किमान तिप्पट मागं पाणी वळवणारा चर काढा आणि ते गवताळ, पक्क्या जागेत सोडा. शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नका, घळ त्याच्याकडे जाईल आणि भांडण तुमच्याकडे येईल. त्याहून वर समतल चर, बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी. माथा ते पायथा म्हणतात ते इथं अक्षरशः पाळावं लागतं. पाणी कमी झाल्यावर कड्याला उतार देऊन त्यावर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, किंवा गवत लावता येतं.

काप रुंदावले, तळ तसाच राहिला आणि पायथ्याशी मातीचे ढीग दिसले, तर काठ भिजून ढासळताहेत. नांगर कड्यापर्यंत नेणं आधी थांबवा आणि काठाला चार-पाच मीटरची पट्टी गवताला सोडा. पवना, मारवेल, वाळा. कडेला निरगुडी आणि घायपात. ही पट्टी सोडायला शेतकरी का-कू करतो, हे मी समजू शकते. अशा वेळी कापांची वही त्याच्यापुढं ठेवते, कारण पट्टी सोडली नाही तर तेवढी जमीन घळ घेणारच असते आणि वैरणही देत नाही.

तळ खाली गेला, पायरी वर सरकली, तर कारण खालच्या ओढ्यात आहे आणि तुमच्या एकट्याच्या हातात नाही. ओढ्याच्या तळाला स्थिर करणारं बांधकाम लागतं, आणि त्यासाठी खालच्या-वरच्या सगळ्या गटांनी एकत्र अर्ज करावा. मोजमापाची वही अर्जाला जोडा. नुसत्या तक्रारीपेक्षा तारखांसकट आकडे पुढं ठेवले की साहेबांना फाइल बाजूला सारणं अवघड जातं.

पुष्कळदा तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या चालू असतात. तेव्हा ज्यातून जास्त ब्रास जाताहेत तिथून सुरुवात करा.

आता दगड

डोकं आवरलं, तळ स्थिर असला, मग लहान ओघळींत सैल दगडांचे बांध घाला, उंची मीटरच्या आत. वरच्या ओघळीपासून खाली येत जा. अंतर असं ठरवा की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल. बांध पाऊण मीटर उंच आणि तळाचा उतार ५ टक्के असेल तर ते अंतर १५ मीटर येतं. दगड कोनदार हवेत, गोटे घरंगळतात. मोठे बाहेरून, लहान आत. आणि ते डोंगर उतारावरून उपटून आणू नका, तिथली माती त्यांनीच धरलेली असते. बांध दोन्ही काठांत अर्धा मीटर आत रोवा. मधला भाग काठांपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पुराचं पाणी मधून जाईल. मी पाहिलेले बहुतेक फुटके बांध मध्ये उंच आणि कडेला ठेंगणे होते. खालच्या बाजूला, जिथं पाणी पडतं तिथं, दगडांची फरसबंदी करा. पाणलोट मोठं असेल, घळ माणसापेक्षा खोल असेल, तर गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध, किंवा सिमेंटचं काम लागतं आणि ते अभियंत्याकडून आराखडा करूनच करावं.

बांध झाले म्हणून खुंट उपटू नका. पुढच्या मेमध्ये तेच काप, तीच सुतळी. प्रत्येक बांधाच्या वर एक आणि खाली एक असे दोन काप जास्तीचे घ्या. वरच्या कापात गाळ साठलेला दिसला आणि खालचा तळ जागेवर राहिला तर काम धरलं. खालचा तळ उकरला गेला असेल तर पाऊस यायच्या आत फरसबंदी लांबवा, आणि काठाशी ओली भेग दिसली तर बांधाचं ते टोक काठात आणखी आत रोवा.